पावणेतीन किलोंची गोष्ट

बाळ झाल्याचं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: वजन किती भरलं? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 साली एक अभ्यास सुरू झाला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या गोऱ्या बाळांचं 3.5.

एवढ्यावरून आपली बाळं सगळ्याच बाबतींत थोडी थोडी लहान असतील, असं कुणालाही वाटेल. पण केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी काट्यावरचा आकडा टिपून थांबले नाहीत. जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत त्यांनी प्रत्येक बाळाची लांबी, डोकं, दंड, पोट मोजलं. खवाट्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपर लावला आणि त्या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवली. दंडाचे स्नायू आणि पोटाचा घेर साउदॅम्प्टनच्या मानाने फारच कमी भरले. पाठीवरची ती घडी मात्र सगळ्यांत कमी घटली होती. वजन पाऊण किलोहून अधिक कमी, आणि तरी चरबी जवळपास राखलेली! पोटातल्या बाळानं तोकड्या शिध्यात स्नायूंवर काटकसर केली होती, चरबीवर नाही.

हेच चित्र मोठेपणीही दिसतं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना तरुणपणीच मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे सापडतो.

हे सगळं वंशावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. त्या खेड्यांतल्या आयांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी 42 किलोंच्या आसपास होतं. ज्या बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं जास्त भरली. पुढे या आयांमधली बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता ठळकपणे समोर आली. म्हणून 2012 साली त्याच अभ्यासातल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींना रोज बी-12च्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. मुलींना आणि मुलांनाही, त्यांच्या लग्नाआधीच, म्हणजे पुढची बाळं पोटात येण्याआधीच.