एक ठिपका वर, एक ठिपका खाली

समजा एका जुन्या मोटारीचे इंजिन तुमच्यासमोर आहे. पुढची झाकणे काढलेली आहेत. डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन दातेरी चाके दिसत आहेत. दोन्ही अगदी सारखी, आणि प्रत्येकाच्या कडेजवळ एक ठिपका कोरलेला. दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिले आहे, की सारे बरोबर जुळले म्हणजे एका चाकाचा ठिपका वर असेल आणि दुसऱ्याचा खाली.

तुम्ही म्हणाल, "छापताना काहीतरी चूक झालेली दिसते! चाके सारखी आहेत, तर ठिपकेही सारखेच असायला हवेत." असे समजून दोन्ही ठिपके वर ठेवणारे पुष्कळ भेटतात. मग सगळे इंजिन पुन्हा जोडायचे, किल्ली फिरवायची, आणि इंजिन धड चालत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसायचे! पुस्तक बरोबर असते. चूक असते ती आपल्या समजुतीत. ती कोणती, हे आज आपण पाहू.

बर्फातली गाडी

हे इंजिन ज्या गाडीचे आहे, ती म्हणजे जपानची सुबारू लिओन ही स्टेशन वॅगन. स्टेशन वॅगन म्हणजे जिचे छत थेट मागच्या टोकापर्यंत लांबवलेले असते आणि जिच्या मागच्या दाराने सामान आत सरकवता येते अशी मोटार. हे नाव अमेरिकेतले. रेल्वे स्टेशनावरून उतारू आणि त्यांचे सामान नेणाऱ्या गाड्यांवरून ते पडले.

या गाडीचा जन्म मोठा मजेदार आहे. जपानच्या ईशान्य भागाला तोहोकू म्हणतात. तेथे हिवाळ्यात खूप बर्फ पडते. विजेच्या तारा सांभाळणाऱ्या कामगारांना त्या बर्फातून डोंगरात जावे लागे. त्यासाठी ते जीप वापरत. जीप बर्फातून जाई खरी, पण आत बसणाऱ्याला थंडी आणि धक्के दोन्ही सोसावे लागत. तेव्हा तेथील वीज कंपनीने मियागी येथील सुबारूच्या विक्रेत्याकडे मागणी केली, की जीपसारखी चारही चाकांनी ओढणारी, पण साध्या मोटारीसारखी सुखाची गाडी करून द्या. विक्रेत्याच्या कारखान्यातल्या लोकांनी १९७१ च्या सुमारास पुढच्या चाकांनी चालणारी एक सुबारू वॅगन घेतली आणि दुसऱ्याच कंपनीच्या मोटारीचे भाग वापरून तिची मागची चाकेही इंजिनाला जोडली. पुढे १९७२ मध्ये सुबारूने चार चाकांनी चालणारी लिओन वॅगन विक्रीस आणली. म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष कारखान्यातल्या नकाशावर नव्हे, तर दुरुस्तीच्या शेडमध्ये जन्माला आला!

लिओनचे उत्पादन १९९४ मध्ये थांबले. तरीही अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत या वॅगन हौसेने सांभाळणारी आणि स्वतःच्या अंगणात दुरुस्त करणारी माणसे आहेत. गाडी तीस वर्षांहून जुनी, सुटे भाग दुर्मीळ; तेव्हा आतले शास्त्र समजल्याशिवाय तिला हात लावून चालत नाही.

टाळी वाजवणारे दट्ट्ये

१९८० च्या दशकातील पुष्कळ लिओनमध्ये 'ईए ८२' नावाचे १,७८१ घन सेंटिमीटरचे इंजिन असे. त्याचे चार सिलिंडर उभे नसून आडवे असतात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि मध्ये क्रँकशाफ्ट. तुम्ही सावकाश टाळ्या वाजवून पाहा. दोन्ही हात एकाच वेळी दूर जातात आणि एकाच वेळी जवळ येतात. समोरासमोरचे दट्ट्ये, म्हणजेच पिस्टन, तसेच हलतात. एकाचा धक्का दुसरा तोलून धरतो, म्हणून हे इंजिन फारसे थरथरत नाही.

आता इंजिनाचे चार टप्पे आठवा. हवा आणि पेट्रोल आत घेणे, ते मिश्रण दाबणे, ठिणगीने पेटवून दट्ट्या ढकलणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे. एवढ्यात दट्ट्या दोनदा बाहेर जातो आणि दोनदा आत येतो. म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. परंतु आत घेणारी झडप तेवढ्यात एकदाच उघडते, आणि बाहेर टाकणारीही एकदाच. झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. म्हणून क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एकच फेरा व्हायला हवा. यासाठी कॅमशाफ्टच्या चाकाला क्रँकशाफ्टच्या चाकापेक्षा दुप्पट दाते ठेवतात आणि दोघांवरून रबराचा दातेरी पट्टा फिरवतात. ईए ८२ मध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक कॅमशाफ्ट असतो, आणि दोघांचे पट्टे वेगळे असतात.

कोडे सुटते

सुबारूच्या या इंजिनात १ आणि ३ क्रमांकाचे सिलिंडर उजवीकडे, तर २ आणि ४ डावीकडे असतात. (डावे-उजवे नेहमी गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर समजायचे.) ठिणगी पडण्याचा क्रम आहे १-३-२-४. दोन ठिणग्यांत क्रँकशाफ्टचा अर्धा फेरा होतो. आता वहीत मांडा.

क्रँकशाफ्टचा पहिला फेरा: १ आणि ३, म्हणजे उजवी बाजू.
क्रँकशाफ्टचा दुसरा फेरा: २ आणि ४, म्हणजे डावी बाजू.

दिसले ना? उजवी बाजू जे काम आता करते, तेच काम डावी बाजू क्रँकशाफ्टचा बरोबर एक फेरा झाल्यावर करते. क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे कॅमशाफ्टचा अर्धा फेरा. अर्धा फेरा म्हणजे १८० अंश. म्हणून एक ठिपका वर असताना दुसरा खाली! पुस्तकातले वाक्य आता पाठ करण्याची गरज उरली नाही. ते तुम्ही स्वतःच सिद्ध केले.

पट्टे बसवण्याची रीतही आता सहज समजेल. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. गिअरबॉक्सच्या बाजूला वर एक छोटी खिडकी असते, तिच्यातून फ्लायव्हीलची कड दिसते. त्या कडेवर शेजारी शेजारी तीन रेघा आहेत. त्यांतली मधली रेघ खुणेसमोर आणायची. डाव्या कॅमचाकाचा ठिपका वर ठेवून डावा पट्टा चढवायचा आणि स्प्रिंगच्या जोराने त्याला ताण द्यायचा. मग क्रँकशाफ्ट बरोबर एक फेरा फिरवायचा. मधली रेघ पुन्हा खुणेसमोर येते, पण डावा ठिपका आता खाली गेलेला असतो. आता उजवा ठिपका वर ठेवून उजवा पट्टा चढवायचा. झाले!

येथे आणखी एक फसवी जागा आहे. फ्लायव्हीलवर अंशांच्या आकड्यांसह दुसऱ्याही रेघा असतात. त्या ठिणगीची वेळ तपासण्यासाठी. नवशिका माणूस हटकून त्यांतली शून्याची रेघ धरतो आणि पट्टे चुकीचे बसवतो. खूण दिसली, एवढ्याने भागत नाही. ती कशाची खूण आहे, हेही विचारावे लागते.

दोन्ही ठिपके वर ठेवले तर काय होईल? चारपैकी दोन सिलिंडरांत ठिणगी पडेल, पण वायू बाहेर टाकण्याच्या वेळी. तेथे पेटायला मिश्रणच नसेल. इंजिन लंगडेल किंवा सुरूच होणार नाही. मात्र ते मोडणार नाही. कारण या इंजिनात झडप पूर्ण उघडी आणि दट्ट्या पूर्ण वर, असे एकदम झाले तरी दोघांमध्ये मोकळी जागा उरते. पुष्कळ इंजिनांत ती उरत नाही. तेथे पट्टा चुकला किंवा धावताना तुटला, तर दट्ट्या झडपांवर आदळून त्या वाकवतो, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. ईए ८२ शिकणाऱ्याची चूक पोटात घालते. घरी दुरुस्ती शिकणाऱ्यांची ते आवडती गाडी होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

रस्त्यात बंद पडलेल्या या गाडीचा पट्टा तुटला आहे का, हे झाकणे न उघडताही कळते. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर डाव्या कॅमशाफ्टवर चालतो. त्याची टोपी काढायची, हात आणि कपडे दूर ठेवायचे आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगायचे. स्टार्टरने इंजिन फिरते, पण डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर स्थिर आहे? मग डावा पट्टा तुटला असे समजावे. कोण कोणाला फिरवतो, हे माहीत असले की रोग असा बाहेरूनच ओळखता येतो.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याच्या एक ४ सेंटिमीटर आणि दोन ८ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना थोडी मोठी चकती चिकटवा, म्हणजे मध्ये खोबण तयार होईल. लहान चाक फळीच्या मध्ये आणि मोठी दोन चाके तिच्या दोन बाजूंना खिळ्यांवर बसवा. मोठ्या चाकांच्या कडांवर ठिपके काढा. आधी डाव्या आणि लहान चाकावरून दोऱ्याचा घट्ट फास चढवा. डावा ठिपका वर ठेवा. लहान चाक एक फेरा फिरवा. डावा ठिपका कोठे गेला? आता उजवा ठिपका वर ठेवून दुसरा फास चढवा आणि लहान चाक पुष्कळ वेळा फिरवा. थोड्या वेळाने ठिपके जागा सोडू लागतील, कारण दोरा घसरतो. खऱ्या पट्ट्याला दाते कशासाठी, याचे उत्तर तुम्हांला येथे मिळेल.

मोठी चाके लावली तर?

आता दुरुस्तीकडून बदलाकडे वळू. खराब रस्त्यांवर जाणारे हौशी लोक या वॅगनला मोठे टायर लावतात. पुष्कळ लिओनवर १८५/७० आर १३ हे टायर असत. याचा अर्थ असा: रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि आतल्या चाकाचा व्यास १३ इंच. म्हणजे टायरचा एकूण व्यास ३३०.२ + (२ × १२९.५) = सुमारे ५८९ मिलिमीटर. त्याजागी १९५/७५ आर १४ लावले, तर व्यास होतो ३५५.६ + (२ × १४६.२५) = सुमारे ६४८ मिलिमीटर. वाढ झाली १० टक्के.

गाडी उंचावते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटर. पण बाकी काय काय बदलते पाहा. वेगमापक चाक किती मोठे आहे ते पाहत नाही; गिअरबॉक्समधले फेरे मोजतो. काटा ६० दाखवील, तेव्हा गाडी ६६ ने धावत असेल. अंतरही कमी नोंदले जाईल. ५० लिटर पेट्रोलवर ५०० किलोमीटर झाले असे दिसेल. मालक म्हणेल, "लिटरला १० च पडले!" खरे तर गाडी ५५० किलोमीटर गेली आणि लिटरला ११ पडले. शिवाय इंजिनाचा पीळ तोच आणि चाकाची त्रिज्या मोठी, म्हणून रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. चढावर गाडी लवकर दमते. ब्रेकलाही त्याच कारणाने जास्त कष्ट पडतात, आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर कलंडण्याची भीती थोडी वाढते.

बदल एका जागी केला, परिणाम पाच जागी झाले. म्हणूनच आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने नोंदणी झालेल्या वाहनात मनाला येईल तसा बदल करण्यास बंदी घातली आहे.

मोटारीजवळ काम करण्याची संधी मिळाली, तर मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करा. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. जॅक घसरू शकतो. गाडी सपाट, टणक जमिनीवर भक्कम घोड्यांवर टेकवलेली हवी आणि चाकांना अडणी लावलेली हवी.

मियागीच्या कारागिरांनी दुसऱ्या गाडीचे भाग आपल्या वॅगनला जोडले, तेव्हा त्यांनाही हेच हिशेब करावे लागले असणार. पुढची आणि मागची चाके एकाच वेगाने फिरतील ना, गुणोत्तर जुळते ना, हे पाहिल्यावाचून ती गाडी बर्फात चाललीच नसती. तुमच्या घरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, काटे असलेले जुने घड्याळ असेल. आज संध्याकाळी त्यातले एक चाक सावकाश एक फेरा फिरवा आणि दुसरे किती फिरते ते मोजा. मग कागदावर त्याचे कारण लिहा. ते जमले, की हातात पाना घ्यायला तुम्ही तयार झालात.