रानमेवा, माती आणि चेर्नोबिल



उन्हाळ्यात खानापूरकडच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बेळगावच्या बाजारात बसल्या की आपण एवढेच विचारतो, गोड आहेत ना? युक्रेन आणि बेलारूसच्या सीमेवरील पोलेसिया भागात मात्र रानातली फळे बाजारात आली की आधी यंत्राने मोजावी लागतात. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज युरोपात आहेत. तिकडून येताना ती रानबेरीच्या जॅमची बाटली आवर्जून आणतात. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटले.

26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. त्यातून उडालेले किरणोत्सारी पदार्थ वाऱ्याबरोबर युरोपभर पसरले आणि जिथे पाऊस पडला तिथे जास्त उतरले. त्यातल्या आयोडीन-131 चे अर्धायुष्य सुमारे 8 दिवसांचे, त्यामुळे ते काही महिन्यांत संपले. सिझियम-137 चे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षांचे आहे. म्हणजे 1986 साली जमिनीत 100 भाग असतील, तर 2016 साली 50 उरले आणि 2046 साली 25 उरतील.

मग शेतातले धान्य बऱ्याच ठिकाणी लवकर सुधारले आणि रानातली फळे का सुधारली नाहीत? याचे उत्तर मातीत आहे. शेतात नांगरट होते, वरची माती खाली जाते. चिकणमातीचे कण सिझियमला घट्ट धरून ठेवतात. शिवाय सिझियम हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचे भावंड आहे. शेतात पोटॅश खत घातले की पिकाची भूक त्यावर भागते आणि ते सिझियम कमी ओढते.

रानात यातले काहीच होत नाही. पोलेसियाची जमीन वाळूची किंवा कुजलेल्या पाल्याची, आंबट आणि पोटॅशियमला गरीब. सिझियम वरच्या काही इंचांतच राहते, आणि बिलबेरीच्या ठेंगण्या झुडपांची मुळे व अळंबीच्या बुरशीचे धागेही तिथेच पसरलेले असतात. झाड सिझियम वर घेते, पान गळते, कुजते आणि सिझियम पुन्हा मातीत येते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते. त्यामुळेच चेर्नोबिलपासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या रिव्हने प्रांतातही रानबेरीत सिझियम सापडते.

याचे भय किती बाळगावे? चेर्नोबिलनंतर युरोपीय संघाने अशा बहुतेक खाद्यपदार्थांसाठी किलोला 600 बेकरेल ही मर्यादा ठेवली. अगदी त्या मर्यादेवरची एक किलो फळे खाल्ली, तर प्रौढ माणसाला मिळणारा किरणोत्सार हा निसर्गातून वर्षभरात सरासरी मिळणाऱ्या किरणोत्साराच्या सुमारे तीनशेवा भाग असतो. तेव्हा दुकानातून आणलेली जॅमची बाटली फेकून देण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न पोलेसियातल्या गावकऱ्यांचा आहे. बेरी, अळंबी आणि रानात चरणाऱ्या गाईचे दूध हाच त्यांचा रोजचा आहार, आणि बेरी विकून हातात येणारा पैसा हाच अनेक घरांचा आधार. त्यांना नुसते “रानात जाऊ नका” म्हणून भागत नाही. फळे मोजून देण्याची सोय आणि कोणता रानपट्टा टाळावा याची माहिती, हीच त्यांची खरी गरज आहे.

घरात लक्षात ठेवण्यासारखे थोडके: सिझियम फळाच्या आत असते, धुऊन जात नाही. फळे वाळवली की पाणी उडते पण सिझियम राहते, म्हणून किलोमागचा आकडा वाढतो. अळंबी उकळून पाणी टाकून दिले तर मात्र बराच भाग निघून जातो. दक्षिण जर्मनीत किंवा स्वीडनमध्ये राहणाऱ्या मुलांना रानात जाऊन अळंबी गोळा करण्याची हौस असेल, तर तिथल्या सरकारी यंत्रणेने प्रसिद्ध केलेले त्या भागाचे आकडे आधी पाहायला सांगावे.

आपल्या करवंदांवर चेर्नोबिलच्या ढगाने असे संकट आणले नाही. यंदा पाटीवाल्या मावशींकडून करवंदे घेताना घासाघीस करण्याआधी ही गोष्ट आपण आठवावी, एवढीच आमची विनंती.