राजधान्या तिकडे, निकाल आमच्याकडे

बीदर, अहमदनगर, हैदराबाद, रायगड. जुन्या राजधान्या बघायला माणसं गाड्या करून जातात. धामणगाव बढेहून निघणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं एकच: आधी आपला बुलढाणा जिल्हा फिरा. तिकडच्या गाद्यांवर कोण बसणार, याचा फैसला कितीदा तरी आपल्या शिवारात झालाय.

सुरुवात घरापासून करू. रोहिणखेड, आपल्याच मोताळा तालुक्यातलं. वर बालाघाटाचा डोंगर, खाली सपाट मुलूख आणि चढाच्या पायथ्याशी हे गाव. खालून वर चढणाऱ्या फौजेची वाट इथून जायची. म्हणून इथं दोन मोठ्या लढाया जुंपल्या.

पहिली 1437 सालची, आणि तिचं मूळ एका लेकीच्या गाऱ्हाण्यात! खानदेशच्या नसीर खानाची मुलगी बीदरच्या बहमनी सुलतानाला दिलेली. सुलतानाचं मन दुसऱ्या राणीवर बसलं, लेकीनं माहेरी कळवलं आणि बाप फौज घेऊन वऱ्हाडात घुसला. बहमनी सरदार खलफ हसननं त्याला रोहिणखेडला हरवलं, आणि पाठलाग करत थेट बुऱ्हाणपूर गाठलं.

दुसरी 1590-91ची. ही तर बापलेकांची! अहमदनगरच्या निजामशाही गादीवर कोवळा इस्माईल, कारभार जमाल खानाच्या हातात. इस्माईलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला गेलेला. खानदेशच्या राजे अली खानाला सोबत घेऊन तो परतला. रोहिणखेडला जमाल खान पडला आणि पोराची गादी बापाकडे गेली. त्याआधी, 1582 साली, खुदावंद खान महदवीनं गावात दगडी मशीद उभारली होती. ती लहानशी पण घाटदार आहे. हिवाळ्यात जा, सोबत कळण्याची भाकरी न् भरीत घ्या, आणि आधी नुसता डोंगर बघा. लढाई इथंच का झाली, ते त्या चढाकडे पाहिलं की लगेच उमगतं.

आता साखरखेर्डा. 11 ऑक्टोबर 1724 रोजी इथं निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान समोरासमोर आले. मुबारिज खान मारला गेला आणि निजामानं त्याचं डोकं दिल्लीला पाठवून दिलं. वर बादशहाचं अभिनंदनही केलं! गावाला नाव पडलं फतेहखेर्डा. दख्खनमध्ये निजामाची आसफजाही सत्ता खरी उभी राहिली ती या विजयावर. तिची राजधानी आधी औरंगाबाद, मग हैदराबाद, आणि शेवट 1948 साली. म्हणजे सव्वादोनशे वर्षं टिकलेल्या राज्याचा पाया आपल्या जिल्ह्यात पडला.

सिंदखेड राजाचं वेगळं सांगायला नको. 12 जानेवारी 1598, जिजाऊंचा जन्म. त्यांचे वडील लखुजी जाधवराव 1629 साली देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात मुलांसह मारले गेले. त्यांची घुमटाची भव्य समाधी इथं आहे, तिच्यापुढे पाय आपोआप थांबतात. 2024च्या जूनमध्ये समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं खोदकाम चालू होतं, तेव्हा जमिनीखाली दोन मीटरहून खोल शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली, पायाशी लक्ष्मी. माहीत असलेल्या गावाच्या पोटात अजून काय काय असेल! आणि जिजाऊंचं राजधानीशी नातं बघा: रायगडावर 6 जून 1674ला शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तो त्यांनी डोळे भरून पाहिला आणि अकराव्या दिवशी पाचाडला प्राण सोडला.

लोणारला मात्र कुणी राजा आला नाही, आली ती उल्का. तुलनेसाठी बघा: बाल्टिक किनाऱ्यावरच्या एस्टोनियात लोक टॅलिनचं जुनं शहर पाहतात, मग सारेमा बेटावरचं काली नावाचं उल्काविवर. त्याचा व्यास 110 मीटर. आपल्या लोणारचा सुमारे 1.8 किलोमीटर, म्हणजे सोळापट! शिवाय हे विवर काळ्या बेसॉल्टमध्ये आहे, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे इथं येतात. खाली उतरून पाण्यात बोटं बुडवा. साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात, कारण पाणी खारंही आहे आणि अल्कधर्मीही. काठाच्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास. काच न् साबणाला लागणारं सामान इथं मिळतं, ही खबर ‘ऐन-ए-अकबरी’तही नोंदलेली आहे. 2020च्या जूनमध्ये सगळं तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण शोधलं: खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाऊस पडला, ते तळाशी बसले आणि पाणी पुन्हा हिरवं. त्याच वर्षी तळ्याला रामसर दर्जा मिळाला.

आणि परतताना ज्ञानगंगा अभयारण्य चुकवू नका. टिपेश्वरच्या जंगलातला एक तरुण वाघ 2019 साली तेलंगणातून फिरत फिरत जवळपास 1,300 किलोमीटर चालून डिसेंबरात याच जंगलात पोचला. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे त्याचा मार्ग नकाशावर उतरला: कापसाची शेतं, नाले, डांबरी रस्ते आणि शेवटी बोथ्याचा घाट.