घाटावरचा मुलूख : बालाघाटचे डोंगर आणि नागपूरचा प्रवासी

नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, बहुतांशी सपाट प्रदेशात वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी व सेमिनरी हिल्स हे काय ते शहराच्या आतले चढउतार. त्यामुळे डोंगरवाऱ्याची ओढ लागली की नागपूरकरांच्या मुखी चिखलदरा किंवा पचमढी हीच नावे येतात. ही दोन्ही स्थळे रमणीय आहेत यात संशय नाही. परंतु गोंदियाहून रेल्वेने अवघ्या चाळीस किलोमीटरवर असलेल्या बालाघाटपासून पुढे जो डोंगराळ प्रदेश सुरू होतो, त्याकडे पर्यटकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. जे जातात तेही बहुधा वाघ पाहण्याच्या घाईत जातात आणि भोवतालचा डोंगर न पाहताच परततात.

‘बाला’ या फारसी शब्दाचा अर्थ ‘वरचा’ असा आहे. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. (मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगररांगांचे नावही याच अर्थाचे असले, तरी त्या रांगांशी या जिल्ह्याचा संबंध नाही.) १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा बनविण्यात आला. १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. राज्यांच्या पुनर्रचनेनंतर राजधानी दूर भोपाळला गेली, पण वारासिवनी, कटंगी, लांजी या भागांतील सोयरिकी आणि बाजारहाट आजही गोंदिया-नागपूरकडेच वळलेले आहेत. बालाघाट शहर स्वतः मात्र घाटाच्या खाली, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. खरा ‘बालाघाट’ पाहावयाचा असेल तर बैहरच्या रस्त्याने घाट चढून जावे लागते.

या प्रदेशात पूर्वी अडीच फुटी रुळांची सातपुडा रेल्वे धावत असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगाल-नागपूर रेल्वेने ती बांधली. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर असे करीत ती जबलपूरला पोहोचे. लामट्याच्या जंगलात तिचा वेग इतका मंद असे की खिडकीत बसणाऱ्यास एकेक झाड ओळखावयास सवड मिळे. २०२१ पर्यंत हा मार्ग रुंद झाला व प्रवास जलद झाला. जुन्या गाडीची आठवण नागपूरच्या मोतीबागेतील रेल्वे संग्रहालयात जतन केलेली आहे.

घाट चढल्यावर हवा बदलते, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उंची वाढत जाते तसे तापमान उतरते. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश हे त्याचे प्रमाण मानतात. कान्हा राष्ट्रीय उद्यानातील बम्हनी दादर हे ठिकाण सुमारे ८७० मीटर उंचीवर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे तेथे नागपूरपेक्षा साडेतीन अंशांच्या आसपास गारवा असावयास हवा. हा फरक वाचताना लहान वाटतो. एप्रिलच्या दुपारी त्याची किंमत कळते. त्यात सालवृक्षाच्या छायेची भर पडते. मैदानी भागातील साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानझड होऊन उघडा पडतो. साल, ज्याला स्थानिक लोक ‘सरई’ म्हणतात, तो पूर्णपणे निष्पर्ण असा क्वचितच होतो आणि जुनी पाने गळत असतानाच त्याला नवी पालवी फुटते. खाली पळस पेटलेला व सागाचे खराटे झालेले, आणि वर मात्र सरईचे वन हिरवेगार, असा देखावा घाटाच्या एकाच प्रवासात दिसतो.

हिवाळ्यात याच्या उलट एक चमत्कार घडतो. रात्री उतारावरील थंड व म्हणून जड झालेली हवा पाण्यासारखी खाली वाहत जाऊन दऱ्याखोऱ्यांच्या तळाशी साचते. त्यामुळे डोंगरमाथ्यापेक्षा खालच्या कुरणात कडाक्याची थंडी पडते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर हिम गोठलेले आढळते. सालाची कोवळी रोपे या हिमात टिकत नाहीत. म्हणून उतारांवर सालवन आणि तळाशी गवत अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी दिसून येते. डोंगरांच्या सपाट माथ्यांवरही गवताळ पठारे आहेत. त्यांना ‘दादर’ म्हणतात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तापमानाचा धडा शिकवावयाचा तर याहून चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

तथापि कान्ह्याची सर्वच कुरणे हिमाने घडविलेली नाहीत. गाडीतून जाणारा प्रवासी ज्या विस्तीर्ण हिरवळीवर चितळांचे कळप पाहून हरखून जातो, तिच्यातील मोठा भाग एके काळी गोंड व बैगा कुटुंबांची शेतजमीन होता. १९५५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. मध्य भारतातील कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा १९७० च्या सुमारास अवघ्या ६६ च्या संख्येवर आला होता, आणि जगात तो अन्यत्र कोठेही उरला नव्हता. उंच गवताशिवाय त्याची पाडसे लपत नाहीत. ते गवत वाढावे म्हणून आतील गावे उठवून बाहेर वसविण्यात आली; सौंफ हे त्यांपैकी एक गाव. आज त्या नावाचे कुरण आहे, गाव नाही. बारशिंग्यांची संख्या पुढे कित्येक शतांवर गेली आणि २०१५ पासून काही जनावरे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडण्यात आली. संवर्धनाचे हे यश निर्विवाद आहे. त्याचे मोल मात्र ज्यांनी आपले उंबरठे सोडले त्यांनी दिलेले आहे, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न सर्वस्वी मिटलेले आहेत असे म्हणता येणार नाही. धरतीमातेच्या छातीवर नांगर चालवू नये अशी बैगांची जुनी श्रद्धा होती. ते जंगलाचा लहान तुकडा जाळून राखेत बी टाकीत, त्या शेतीस ‘बेवर’ म्हणत. अशा लोकांना स्थिर शेतीच्या गावात बसविणे म्हणजे केवळ घर बदलणे नव्हे. सहलीस नेलेल्या मुलांना ही हकीकत सांगितली, तर कुरण पाहण्याची त्यांची दृष्टीच पालटेल.

उद्यानाच्या गाभ्यात पायी हिंडण्यास परवानगी नाही. बालाघाट जिल्ह्याच्या बाजूने मुक्की हे प्रवेशद्वार आहे. परवाना व वाटाड्या आवश्यक असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा बंद राहतो. ज्यांना पायांनी डोंगर अनुभवावयाचा आहे त्यांनी बाहेरची ठिकाणे निवडावीत. बैहर रस्त्यावर बालाघाटपासून सुमारे चौदा किलोमीटरवर गांगुलपारा येथे तलाव व धबधबा आहे. पावसाळा ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, तेथील शोभा पाहण्यासारखी असते. भर पावसात मात्र अशा ओढ्यांशी जवळीक करू नये. वर पठारावर कोसळलेला पाऊस खाली पोहोचण्यास काही वेळ लागतो. म्हणून डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पाणी एकाएकी वाढते. गढूळपणा आणि वाहून येणारा पालापाचोळा ही त्याची पूर्वसूचना होय. ती दिसताच मुलांना पात्रातून बाहेर काढावे, डबे-चपला मागे राहिल्या तरी चालतील. गावातील एखादा जाणता माणूस बरोबर असल्यास उत्तम. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी, उपकार म्हणून फुकट राबवू नये.

फाल्गुन-चैत्रात मोह फुलतो. पहाटे गळून पडलेली फुले वेचण्यासाठी बायका व मुले टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. पुढे वैशाखात तेंदूपानांचा हंगाम येतो. वर्षाची मीठमिरची, कपडालत्ता यांवरच भागणारी घरे या भागात पुष्कळ आहेत. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची जुनी रीत आहे आणि त्यातून वणवा पसरतो, हे वनविभागाचे म्हणणे खरे आहे. पण सहलीला आलेल्यांनी न विझवता सोडलेली चूल किंवा फेकलेली विडी तेच काम करते, आणि त्यांना तर पोटापाण्याचे निमित्तही नसते. एका वणव्यात वेचणाऱ्यांचा हंगाम जातो, सालाची रोपे जातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. या महिन्यांत जंगलात चूल मांडूच नये. शिदोरी घरून न्यावी, अथवा गावात जेवावे. बालाघाटच्या ‘चिन्नोर’ या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या भाताची पंगत कोणत्याही डब्याहून सरस ठरेल.

बैहर व लांजी भागांत १९९० नंतर दीर्घकाळ नक्षलवादी हालचाली होत्या. म्हणून आडवाटेने जाण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात व वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करण्याची सवय ठेवावी. शाळांच्या सहलींना तर हा नियमच असावा.

नागपूरच्या प्रवाशाने जाता जाता आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शहराच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः पेंच व कन्हान या नद्यांचे आहे, आणि त्या दोन्ही सातपुड्यातच उगम पावतात. वैनगंगाही शिवनी जिल्ह्यातील मुंडारा येथे निघते, बालाघाटचा डोंगर उतरून भंडाऱ्याकडे येते आणि पुढे वर्धेस मिळून प्राणहिता होते. कन्हान तिला वाटेत भंडारा जिल्ह्यात भेटते. बालाघाटच्या पुलावर संध्याकाळी उभे राहिले असता जे पाणी पायाखालून वाहताना दिसते, ते काही दिवसांनी गोसीखुर्दच्या धरणात पोहोचून विदर्भातल्या धानाच्या बांध्यांत उतरते.