फ्लोराईडमुक्त पाणी : कोणता मार्ग परवडणारा?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार ते दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; अन्य स्रोत नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. त्याहून अधिक फ्लोराईडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांचे दात डागाळतात, मोठ्यांची हाडे व सांधे ताठर होतात. हाडांत एकदा निर्माण झालेली विकृती औषधाने पूर्ववत होत नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाणी आटते, फ्लोराईड मात्र तेवढेच राहते.

उपाय अनेक आहेत. त्यांच्या खर्चाची तुलना करताना पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २० लिटर पाणी लागते, असे आपण धरू.

तुरटी व चुना : नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखली जाते. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम तुरटी लागली, तर २० लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे सव्वादोन किलो. साहित्य स्वस्त, परंतु रोज ढवळणे, तासभर निवळू देणे व गाळ दूर टाकणे हे श्रम बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येतात. तुरटीचे प्रमाण पाणी तपासूनच ठरवावे लागते.

अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना : या दाण्यांच्या गाळणीला वीज लागत नाही. आरंभीचा खर्च मध्यम असतो. परंतु दाण्यांची शोषणक्षमता संपली की कॉस्टिक सोडा व आम्लाने त्यांचे पुनरुज्जीवन करावे लागते. हे काम जाणकाराचे आहे. ते वेळेवर न झाल्यास गाळणी नुसती शोभेची उरते.

आर.ओ. यंत्र : पाणी उत्तम मिळते, परंतु यंत्र, वीज व पडदा बदलणे असा तिहेरी खर्च येतो. शिवाय बरेचसे पाणी वाया जाते, आणि त्या सांडपाण्यात फ्लोराईड अधिक दाट असते. टंचाईच्या गावात हा खर्च पैशांत मोजता येत नाही.

पावसाचे पाणी : पावसाळ्यानंतरच्या २४० दिवसांसाठी ४,८०० लिटर पाणी पुरते. ६०० मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील ८० टक्के हाती लागला, तर केवळ १० चौरस मीटर छप्पर एवढे पाणी देते. टाकीचा खर्च एकदाच मोठा. पुढे स्वच्छता व निर्जंतुकीकरण एवढेच.

मात्र सर्वांत स्वस्त उपाय यांपैकी एकही नाही. गावातील प्रत्येक विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. एखादी विहीर सुरक्षित आढळल्यास ती केवळ पिण्यासाठी राखून ठेवावी. धुण्याभांड्यांसाठी इतर पाणी चालते.

सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तहानलेल्यास पाणी देणे हे तर दयेचे कृत्यच होय. म्हणून गावाला यंत्र भेट देऊ इच्छिणाऱ्या धर्मग्रामांना आमची नम्र विनंती आहे : यंत्राची किंमत विचारण्याआधी पाचव्या वर्षी त्याची देखभाल कोण करील व तिचा पैसा कोठून येईल, हे विचारावे. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते. तहान मात्र रोज लागते.