लिव्हरचा व्हायरस, किडनीची गाळणी

मित्रांनो, फिल्टर चोक झाला की काय करायचं, हे फर्स्ट इयरचा मुलगाही सांगेल. आधी घाण येते कुठून ते बघायचं! किडनीचंही तसंच आहे. (कॉन्व्हेंटवाली असल्याने 'मूत्रपिंड'ऐवजी मला किडनीच सुचते, सांभाळून घ्या.)

प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हिपॅटायटिस 'बी' किंवा 'सी'चा व्हायरस वर्षानुवर्षे रक्तात राहिला, तर व्हायरसचे अंश आणि अँटिबॉडी यांचे पुंजके बनून काहींच्या गाळण्यांत अडकतात. मग सूज येते आणि लघवीतून प्रोटीन गळतं. माझ्या मामांच्या पायावरची सूज आम्ही थकव्याची समजत होतो. तपासणीत निघाला 'सी'!

मामी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, किडनीचंच औषध द्या ना लवकर." पण नुसत्या स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि व्हायरसला रान मोकळं मिळतं. म्हणून बहुतेक वेळा आधी व्हायरस आवरतात. किडनी झपाट्याने बिघडत असेल तर मात्र दोन्ही उपचार सोबत द्यावे लागतात.

पूर्वी 'सी'वर इंटरफेरॉनची त्रासदायक इंजेक्शनं होती. २०१५ मध्ये भारतात सोफोसबुविरला परवानगी मिळाली. आता अशा गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या कोर्सने ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांतला व्हायरस जातो, डायलिसिसवाल्यांनाही त्या देता येतात. 'बी' मात्र सहसा पूर्ण जात नाही. एन्टेकाविर किंवा टेनोफोविरने तो दाबून ठेवतात, तेही किडनीची ताकद बघूनच, कारण टेनोफोविरचा जुना प्रकार किडनीलाच त्रास देऊ शकतो. गोळ्या मनाने बंद केल्या तर 'बी' उसळतो.

एक गोष्ट खरी, की व्हायरस गेला तरी वाळलेली गाळणी परत जिवंत होत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आपल्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत जाऊन विचारायला लाज कसली? विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. ज्यांना वारंवार रक्त द्यावं लागतं, त्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. 'बी'ची लस आहे, 'सी'ची नाही. तेव्हा होस्टेलमध्ये दुसऱ्याचं ब्लेड वापरणाऱ्या दोस्तांनो, जरा जपून!