गुणांचा क्रम आणि ऐकण्याचा क्रम

मराठी घरांत आवडत्या गाण्यांची चर्चा निघाली, की ती बहुधा चित्रपटांकडे वळते. तथापि लता मंगेशकर व पंडित हृदयनाथ मंगेशकर या भावंडांनी पडद्याचा आधार न घेता ज्या दीर्घ ध्वनिमुद्रिका दिल्या, त्यांचे मराठी संगीतावरील ऋण फार मोठे आहे. लतादीदींचा जन्म १९२९ साली इंदुरास झाला. महाराष्ट्राबाहेरच्या आपणा मराठी जनांना त्या म्हणूनच अधिक जवळच्या. या ध्वनिमुद्रिकांतील चार निवडून त्यांचा गुणानुक्रम लावण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

चौथे स्थान 'कोळीगीते' यांना. शान्ता शेळके यांची शब्दकळा, दीदींच्या जोडीला हेमंतकुमारांचा घनगंभीर स्वर आणि लाटेसारखा हेलावणारा ठेका. गोडी निर्विवाद, मात्र आशयाचा परीघ लहान.

तिसरे स्थान मीरेच्या पदांच्या 'चला वाही देस' या ध्वनिमुद्रिकेस. हृदयनाथांची सुरावट अनपेक्षित जागी वळते आणि दीदी ते अवघड वळण सहज वाटावे असे गातात.

दुसरे स्थान 'शिवकल्याण राजा'चे. शिवराज्याभिषेकास तीनशे वर्षे झाली, त्या १९७४ साली ती निघाली. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर आणि कुसुमाग्रज एका सूत्रात गुंफले गेले. निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. वीररसाचा उत्कर्ष येथे आहे. पण पुनःपुन्हा ऐकताना निवेदन गाण्यांचा ओघ थोडा अडवते.

पहिले स्थान निःसंशय 'ज्ञानेश्वर माउली'चे. सातशे वर्षांपूर्वीची भाषा, तरीही 'मोगरा फुलला' ऐकताना न समजलेला शब्द आड येत नाही. शब्दाआधी सूरच अर्थ सांगून जातो. वाद्यमेळ संयत, चाल शब्दांची दासी. याहून उंच जागा आम्हांस ठाऊक नाही.

परंतु गुणांचा हा क्रम आपल्या घरांतील ऐकण्याचा क्रम होऊ शकत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ महाराष्ट्राच्या वाटेने गेले. बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. लालबर्ऱ्याचे मूल हिंदी शाळेत शिकते, हिंदीतच खेळते; मराठी उरते ती आजीच्या बोलण्यात आणि देवघरात. त्याला प्रथमच ज्ञानदेवांच्या विराण्या ऐकवल्या, तर ते 'समझ में नहीं आता' म्हणून उठून जाईल, आणि कदाचित पुन्हा बसणार नाही.

म्हणून आरंभ मीरेपासून करावा. ती त्याला पाठ्यपुस्तकातून परिचित असते. पुढे 'शिवकल्याण राजा'. तेथे भूषणाचे ब्रजभाषेतील कवित्त त्याला ओळखीचे वाटेल, आणि त्याच कवित्ताचा हात धरून ते रामदास व कुसुमाग्रजांच्या मराठीपर्यंत येईल. मग मौजेसाठी कोळीगीते. ज्याने वैनगंगेखेरीज मोठे पाणी पाहिले नाही, त्यालाही त्या ठेक्यात समुद्र भेटतो. माउली सर्वांत शेवटी.

तबकड्या आता माळ्यावर गेल्या. तीच गाणी मोबाइलवर सुटी सुटी मिळतात. तरी एखाद्या रविवारी संपूर्ण ध्वनिमुद्रिका तिच्या मूळ क्रमाने, मुलांना शेजारी बसवून ऐकावी. पसायदानाचा अर्थ एखाद्या मुलाने आपण होऊन विचारला, तर आमचा क्रम सार्थकी लागला असे आम्ही समजू.